हेल्मेट दिलंत, आता घोडी द्या

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ, मुंबई

विषय : सुतारकाम करणाऱ्या नोंदीत कामगारांना एक जोडी घोडी मिळण्याबाबत

महोदय,


मी सुतार. वडील सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात औतं, कुळव आणि बैलगाडीची चाकं करायचे. मी पुण्यात वॉर्डरोब आणि मॉड्युलर किचन करतो. आपल्या मंडळाकडे माझी नोंद आहे. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला, आधार, फोटो असं सगळं रीतसर देऊन मी सुरक्षा संच घेतला. हेल्मेट चांगलं आहे. बूटही टिकाऊ निघाले. पण खरं सांगायचं तर ते हेल्मेट दोन वर्षं खिळ्याला लटकलंय. मी काम करतो तो फ्लॅट पूर्ण झालेला असतो, डोक्यावर पीओपीचं छत असतं, त्यातून खाली पडायला काही नसतं. माझं जे दुखतं ते कमरेपासून खाली. गुडघे, माकडहाड, पायाचे अंगठे.

आपल्या नोंदणीच्या यादीत सुतारकाम, आभासी छत, प्लास्टर ऑफ पॅरिस आणि अंतर्गत सजावटीचं काम आहे, म्हणजे आम्ही आपलेच. बांधकामाच्या खर्चावरच्या एक टक्का उपकरातून आपला कारभार चालतो. त्या पैशातून स्लॅबवरच्या माणसाला हेल्मेट आणि दोरीवर लटकणाऱ्याला पट्टा मिळाला, ते योग्यच झालं. माझी मागणी त्याहून साधी आहे. सुतारांना एक जोडी घोडी द्या.

घोडी हा शब्द वाचून साहेबांना वरात आठवेल, म्हणून आधीच सांगतो. चार फाकलेले पाय आणि वर एक आडवी पट्टी, अशी ही लाकडाची किंवा लोखंडाची चौकट. ती जोडीनं वापरायची. दोन घोड्या समोरासमोर उभ्या करायच्या, वर प्लायची शीट किंवा दरवाजा ठेवायचा आणि उभ्यानं काम करायचं. गवंडी प्लास्टर करताना जिच्यावर फळ्या टाकून उभा राहतो, तिची ही धाकटी बहीण. जगभरच्या सुतारांना तिच्यात कुठलं ना कुठलं जनावर दिसलेलं आहे. इंग्रज तिला सॉहॉर्स म्हणतो, जपानी 'उमा' म्हणतो, म्हणजे घोडाच. फ्रेंचांचा 'शव्हाले' घोड्यावरूनच आला. जर्मनाला मात्र तिच्यात बोकड दिसला. डच माणसानं चित्र ठेवायच्या चौकटीला 'एझल' म्हणजे गाढव म्हटलं, आणि जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेली मुलं ज्याला ईझल म्हणतात ते हेच गाढव. आपण घोडीवर थांबलो, बरं झालं.

आता आमचं काम कसं चालतं ते सांगतो. प्लायची शीट आठ बाय चार फुटांची. १८ एमएमची चांगली शीट ३५ किलोच्या आसपास भरते. ती लिफ्टमध्ये बसत नाही, म्हणून जिन्यानं वर येते. वर आली की हॉलच्या फरशीवर आडवी पडते. खाली चार पट्ट्या टाकायच्या, एकानं शीटवर पाय देऊन उभं राहायचं, दुसऱ्यानं उकिडवं बसून मार्बल कटर चालवायचा. नाव मार्बल कटरचं, पण महाराष्ट्रात जितकं संगमरवर त्यानं कापलं गेलं असेल त्याहून जास्त प्लाय कापला गेला असेल. पातं गुडघ्यापासून वीतभर लांब. भुसा सरळ नाकात. असे दिवसाला पंधरा-वीस काप. हेच फ्लॅटमागे दोन-अडीच महिने.

खाली बसून काम करण्याला मी कमी लेखत नाही. वडील अंगणात बसून काम करायचे आणि त्यांच्या पायाचा अंगठा हाच त्यांचा शिकंजा होता. लाकडाचा तुकडा टाचेखाली दाबून वाकस चालवायचे. तुकडा कधी हलला नाही आणि अंगठाही कधी गेला नाही. जपानी सुतारही जमिनीलगत काम करतात, त्यांची घोडीही बुटकी असते. ही बैठक गरिबीतून आलेली नाही. हातकरवत, वाकस आणि पटाशी यांच्यासाठी ती उत्तमच होती, कारण लाकूड अरुंद होतं आणि हत्यार आपल्या जोरानं चालायचं. आता माल ३२ चौरस फुटांचा झाला आणि हत्याराचं पातं मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे घेतं. काम बदललं, आमची बैठक मात्र वडिलांचीच राहिली.

मध्ये आम्हीही सुधारणा करून पाहिली. वीस वर्षांपूर्वी एका साइटवर रंगाचे चार रिकामे डबे उलटे घातले आणि त्यांच्यावर शीट ठेवली. उंची छान आली. उभ्यानं मधोमध काप घेत होतो. काप अर्ध्याच्या पुढे गेला तशा शीटच्या दोन्ही बाजू आतल्या अंगाला झुकल्या, फट मिटली आणि पातं त्यात चावलं. कटर उसळून मागे आला. डावी मांडी. सात टाके. डबा तेवढा घरंगळत बाल्कनीपर्यंत गेला, तो आवाज अजून कानात आहे. ठेकेदारानं दवाखान्याचे पैसे दिले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही परत फरशीवर बसलो. फरशी निदान घरंगळत नाही.

मग घोडी कशी असावी? एकदम हजारो नगांची खरेदी करायची म्हणजे आपल्याला तपशील लिहावा लागेल, आणि तपशील बहुतेक वेळा कॅटलॉग बघून लिहिला जातो. म्हणून मी कामाकडून सुरुवात करतो.

पहिली गोष्ट उंची, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. परदेशी तयार घोड्या बहुधा ३० ते ३२ इंचांच्या असतात. त्या सहा फुटी माणसासाठी ठीक. उभं राहून हात मोकळे सोडले की मनगटाची रेघ जिथे येते, तिथे कापायचा माल हवा, हा जुना हिशेब आहे. माझी उंची साडेपाच फूट. माझं मनगट साधारण ३१ इंचांवर येतं. घोडीवर दीड इंचाच्या पट्ट्या, त्यांच्यावर पाऊण इंचाची शीट. म्हणजे घोडी २८ इंचांची असली की खांदा न उचलता काप घेता येतो. ३२ इंचांची दिलीत तर दिवसभर खांदे कानाला लागतील आणि आठवड्यानं ती घोडी माळ्यावर जाईल. शिवाय कपाटाचा सांगाडा जोडायला, हातकरवत मारायला गुडघ्याएवढीच उंची लागते, वीस इंच. म्हणून पाय दोन उंचींचे असावेत, भोकात खिट्टी घालून बदलता येतील असे. दोनच पुरेत. महागड्या घोड्यांचा प्रत्येक पाय वेगळा वरखाली होतो, ते दिसायला झकास आहे. पण ओबडधोबड जमिनीसाठी आमच्याकडे पाचर आहे, आणि पाचर फुकट मिळते.

दुसरी गोष्ट वजन पेलण्याची. इथे जाहिराती फार फसवतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत भार छापलेला असतो. तो एका घोडीचा की जोडीचा, हे बारीक अक्षरांत, कधी तेवढंही नाही. जोडीचा असेल तर निम्मा धरा. अमेरिकेच्या टफबिल्ट कंपनीची सी७०० नावाची घोडी आहे. तिच्यावर एका नगाला १,३०० पौंड म्हणजे सुमारे ५९० किलो भार सांगितलेला आहे. उत्तम वस्तू आहे, आणि आम्हाला त्याची गरज नाही. आमच्या घोडीवर जास्तीत जास्त काय येतं? एक-दोन शीट, त्यांच्यावर रेलणारा माणूस, कधी फ्लश दरवाजा. ओट्याचा ग्रॅनाइट घ्या : आठ बाय दोन फुटांचा, १८ एमएम जाडीचा तुकडा ७० किलोच्या वर जातो. हे सगळं धरूनही एका घोडीला १५० किलो सुखानं झेलता आले की पुष्कळ झालं. त्यापुढच्या प्रत्येक किलोचे पैसे फुकट जातात आणि वर ते वजन आम्हालाच जिन्यानं चढवावं लागतं.

डुगडुगणं ही खरी परीक्षा. ६०० किलो उचलणारी पण बाजूनं धक्का दिल्यावर लचकणारी घोडी मी पाहिली आहे. भार सरळ खालीच येतो असं नाही. रंधा मारताना, कटर ढकलताना तो आडवा येतो. पाय वरच्या पट्टीपेक्षा बाहेर फाकलेले हवेत. दोन पाय फाकून धरायला बारीक साखळी असेल तर ती नाकारावी, कारण साखळीत ढील असते. त्या जागी अडकून बसणारी लोखंडी पट्टी हवी. घडीच्या बिजागरीत बोट घालून हलवून बघावं. नवी असतानाच खुळखुळत असेल तर सहा महिन्यांनी काय होईल?

प्लास्टिकच्या घोड्या हलक्या असतात, स्वस्तही असतात. घरी हौसेनं पक्ष्यांची घरटी करणाऱ्यांनी त्या जरूर घ्याव्यात. आमच्या घोड्या गच्चीवर, टेम्पोत, उन्हात पडून असतात. उन्हानं हे प्लास्टिक ठिसूळ होतं आणि मोडताना आधी सांगत नाही. लोखंड निदान आधी वाकतं.

तिसरी गोष्ट, जी कॅटलॉगवाल्यांच्या ध्यानातच येत नाही : सुतार घोडी नेणार कशावरून? माझ्या ओळखीच्या दहांतले सात जण स्कूटरवर जातात. हत्यारांची पेटी पायाशी, मागे पोरगा. मुंबईतले कामगार लोकलच्या लगेजच्या डब्यातून. म्हणून घडी घातल्यावर घोडी अडीच फुटांहून लांब नसावी, जाडी चार बोटांची असावी, आणि एका हातात जोडी उचलता यावी. नगाला लोखंड सात-आठ किलो ही मर्यादा.

वरची पट्टी लाकडाचीच हवी. पात्याची खोली शीटपेक्षा थोडी जास्त ठेवावी लागते, म्हणजे ते वरच्या पट्टीला खरवडणारच. लोखंडाला लागलं तर दात जातात आणि ठिणग्या उडतात. लाकडाला लागलं तर काही बिघडत नाही. ही पट्टी चार बोल्टांवर बसवलेली असावी, बोल्टांची डोकी लाकडात खोल बुडवलेली, आणि ती दर वर्षी बदलता यावी. तिच्या दोन्ही टोकांना एकेक खाच द्या, तीन इंच खोल आणि पावणेदोन इंच रुंद, म्हणजे दोन बाय तीनची रंधलेली पट्टी उभी बसेल. आता दोन घोड्यांच्या खाचांत दोन लांब पट्ट्या टाकल्या की टेबल तयार होतं. खाचांतल्या पट्ट्या आणि घोडीचा माथा एका पातळीत येतात; त्यांच्यावर दीड इंचाच्या आणखी तीन-चार पट्ट्या आडव्या टाका आणि मग शीट ठेवा. आता काप कसाही घ्या, दोन्ही तुकड्यांना खालून आधार राहतो. फट मिटत नाही आणि पातं चावत नाही. माझ्या मांडीचे सात टाके वाचवायला एवढ्या दोन खाचा पुरल्या असत्या. तपशिलात जागा कमी पडली तर बाकी सगळं गाळा, खाच गाळू नका.

पायांना रबराचे बूट हवेत, तेही आत ढकलून बसवलेले नकोत, बोल्टनं घट्ट केलेले हवेत. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर उघडं लोखंड घसरतं आणि ओरखडाही काढतं. घोडी घसरली तर आम्ही सावरून घेतो. ओरखडा पडला तर घरमालक बिलातून कापतो.

बाकीच्या सोयींचं मला फार कौतुक नाही. मोबाइल ठेवायचा कप्पा, कपाची जागा, खिळ्यांचा ट्रे. कप्प्यात भुसा भरतो. पाइप किंवा गोल दांडा कापायला व्ही आकाराची एक खाच असली तर कामाची आहे. क्लॅम्प पकडायला पट्टीच्या कडा मोकळ्या ठेवा, म्हणजे झालं. सोयींचा खरा बादशहा म्हणजे ब्लॅक अँड डेकरचं वर्कमेट. ते काढणारा रॉन हिकमन लोटस एलान या गाडीचा डिझायनर. १९६१ मध्ये कपाट करताना त्यानं आधार म्हणून खुर्ची घेतली आणि लाकडाबरोबर खुर्चीही कापून टाकली. त्यातून त्याला घोडी आणि शिकंजा एकत्र करायची कल्पना सुचली. मोटारगाड्या घडवणाऱ्या माणसाचीही खुर्ची कापली जाते, हे वाचल्यापासून मला माझ्या रंगाच्या डब्यांची लाज वाटेनाशी झाली. पण वर्कमेट एका माणसाच्या लहान तुकड्यांसाठी आहे. आठ बाय चारची शीट त्याला झेपत नाही.

आता पैसे. परदेशी ब्रँडची बरी जोडी घ्यायला गेलं तर दोन-तीन शीटचे पैसे जातात. मी माझ्या वस्तीतल्या फॅब्रिकेटरकडून करून घेतली. २५ बाय २५ एमएमचा १६ गेजचा चौकोनी पाइप वीस फुटी येतो. एका घोडीला दोन चौकटी, प्रत्येकीला दोन पाय, एक वरची आणि एक खालची पट्टी. असा हिशेब केला तर एका पाइपात एक घोडी बसते, वीतभर तुकडाही उरत नाही. पाइपाचं वजन सात किलो, म्हणजे जोडीला चौदा किलो लोखंड. बिजागऱ्या, रबर, सालवूडची पट्टी, वेल्डिंग आणि रंग धरून मला जोडी दोन हजारांच्या आत पडली. एका बऱ्या शीटच्या किमतीहून कमी. दोन उंचींचे पाय केले तर नगाला एक-दीड किलो आणि दोनशे-तीनशे रुपये वाढतील, ते वाढू द्या. मी तेव्हा कंजूसपणा केला आणि वीस इंचांसाठी आता मला प्लायची दुसरी जोडी ठेवावी लागते.

त्या प्लायच्या घोडीबद्दलही लिहितो, कारण ज्याला दोन हजारही जड आहेत त्याच्यासाठी ती आहे. १८ एमएमच्या उरलेल्या तुकड्यांतून २८ इंच उंचीचे दोन तुकडे घ्यायचे, एक २८ इंच रुंद, दुसरा १९-२० इंच. एकात खालून, दुसऱ्यात वरून निम्म्यापर्यंत खाच मारायची आणि एकमेकांत सरकवायचे, अधिक चिन्हासारखे. खिळा नाही, स्क्रू नाही. अख्ख्या शीटमधून असे तीन नग निघतात. सुटे केले की भिंतीला टेकवून ठेवता येतात. बुटकी हवी असेल तर तुकडे वीस इंच उंचीचे घ्या. पावसात भिजल्या तर फुगतात, एवढंच.

खरेदीच्या वेळी नमुना तपासायला प्रयोगशाळा नको. कुठल्याही साइटवर सिमेंटची पोती असतात, ५० किलोची. जोडीवर दोन फळ्या टाकून सहा पोती रात्रभर ठेवा. सकाळी पोती उतरवून पायांमधलं अंतर मोजा. फाकले असतील तर माल परत. मग शीट ठेवून दोन माणसांनी कोपऱ्याला धरून हलवून बघा. मग घडी घालून एका माणसाला ती जोडी तिसऱ्या मजल्यावर घेऊन जायला सांगा आणि वर पोचल्यावर त्याला काय वाटलं ते विचारा. शक्य असेल तर हा माणूस निविदा मंजूर करणाऱ्या समितीतलाच असावा.

एक सावधगिरी. या घोडीवर फळी टाकून पीओपीवाले छताला हात लावतील, रंगारी चढतील. ती त्यासाठी नाही. चढायची घोडी वेगळी असते, रुंद पायांची, कठडा लावलेली. हिच्या पट्टीवर मराठीत आणि हिंदीत ठळक लिहा : यावर उभे राहू नये. हिंदीत का, ते आपल्याला ठाऊक आहे. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांतले कित्येक हात राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून आलेले आहेत आणि त्यांचे गुडघेही आमच्यासारखेच दुखतात.

कोणी म्हणेल, केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना आहे की. आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, तिच्या अठरा व्यवसायांत सुतार आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. चांगलं आहे. पण नव्या अवजाराचा उपयोग तेव्हाच, जेव्हा ते कुठेतरी टेकवून चालवता येतं. नाहीतर नवीन मशीन घेऊन आम्ही परत त्याच फरशीवर उकिडवे बसतो. मी तर कटर उलटा करून प्लायच्या टेबलाला खालून बांधणारे, पातं वर उघडं ठेवणारे कारागीर रोज बघतो. टेबल म्हणजे तेच, दोन स्टूल आणि एक फळी.

जागेचा प्रश्न कोणी काढेल म्हणून तेही सांगून टाकतो. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये घोड्यांवर आठ फुटी शीट ठेवली तर माणसाला फिरायला जागा उरत नाही, हे खरं. पण शीट कापायची हॉलमध्ये असते, खोलीत तुकडेच जातात. काम संपलं की घडी घालून घोड्या दाराच्या मागे. सोसायटीच्या वॉचमनलाही त्या दिसणार नाहीत.

माझी जोडी चार वर्षांची आहे. वरच्या पट्ट्या तीनदा बदलल्या, रंग उडाला, एका पायाचं रबर हरवलं म्हणून जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला आहे. आपल्या कार्यालयाला नमुना म्हणून पाहायची असेल तर आणून देतो. फक्त सोमवारी बोलवा, बाकीच्या दिवशी ती कामावर असते. आणि २८ इंचांची उंची नक्की करण्याआधी माझ्या एकट्याच्या शब्दावर जाऊ नका. नाक्यावर सकाळी साडेआठला उभे असलेले पंधरा-वीस सुतार गोळा करा, हात सोडून उभं राहायला सांगा आणि मनगटापर्यंत टेप लावा. माझा भाचा तिथे भेटेल, सहा फुटी आहे. त्याचं माप धरू नका.

आपला,
मंडळाचा एक नोंदीत सुतार कामगार, पुणे